कमलचे एकसष्ट गुण

माझ्या धाकट्या बहिणीला एकाच परीक्षेत दोनदा एकसष्ट गुण मिळाले, आणि दोन्ही वेळा ते मीच मिळवून दिले.

परीक्षा होती शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश मिळवण्याची. कॉलेज सांताक्रूझला, आम्ही अंधेरीच्या चाळीत. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत ही नव्या तऱ्हेची परीक्षा नुकतीच निघाली होती. छापील पुस्तिका, शंभर छोटे छोटे प्रश्न आणि वेळ एक तास. निबंध नाही, व्याख्या नाहीत, 'सविस्तर उत्तरे लिहा' नाही! सत्तर गुण मिळाले तर आत, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा या. असं तीनदाच येता येई, चौथ्यांदा तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि कमलला तर शिक्षिकाच व्हायचं होतं. दुपारी गॅलरीत चाळीतली पाच-सहा पोरं बसवून ती पाढे घ्यायची, आणि पोरं चक्क पळून जायची नाहीत. मी एकदा तिच्या जागी बसलो होतो, तेव्हा बेच्या पाढ्यापर्यंत निम्मी पसार झाली होती.

वडील गेल्यापासून घरातला कर्ता मी. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून (सीनियर कारकून!). त्यामुळे कमलची तयारी करून घेणं हे माझंच काम, असं मी ठरवलं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

कचेरीत माझे दोन नियम प्रसिद्ध होते. हातातला कागद निकालात निघाल्याशिवाय दुसऱ्या कागदाला हात लावायचा नाही, हा पहिला. आणि लिहिलेलं दोनदा तपासून लाल पेन्सिलीने खूण केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा दुसरा. हेच दोन नियम मी कमलला शिकवले. लाल पेन्सिलही मीच दिली.

पहिल्या खेपेला एकसष्ट आले.

"दादा, शेवटची पानं राहिलीच रे," कमल म्हणाली.

"राहू देत. जेवढं केलंस त्यात एक तरी चूक आहे का?"

"नाही. एकसष्ट केले, एकसष्ट बरोबर आले."

"मग? पाया पक्का आहे. आता नुसता मजला चढवायचा!"

मजला चढवण्यासाठी मी कंबर कसली. रोज भिजवलेले बदाम. टाळूवर तेल. पहाटे उठून गणितं. आधी ती प्रत्येक उत्तर दोनदा तपासायची, आता मी तिला तीनदा तपासायला लावलं. सहा महिने पोरगी घाण्याला जुंपल्यासारखी राबली, तिचा हात माझ्या डोळ्यांदेखत झरझर चालायला लागला, आणि दुसऱ्या खेपेला गुण आले एकसष्ट!

आईने निकालाचं कार्ड उलटंसुद्धा करून पाहिलं. "हे मागचंच तर पाठवलं नाही ना रे?"

"आई, तारीख नवी आहे."

"मग बदाम जुने असतील," आई म्हणाली.

त्या दुपारी कमलने पोरांना पाढ्यांना बोलावलं नाही. चाळीत त्या दिवशी इतकं शांत होतं की मला जेवण जाईना. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो, तर म्हणाली, "दादा, एकदाच उरलंय. माझ्यात तेवढंच असेल तर?"

"काहीतरीच! सत्तर म्हणजे काय डोंगर आहे? मी बसलो तर हसत हसत ऐंशी काढून दाखवीन," मी म्हणालो. हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणायला हवं होतं. गॅलरीतून ते चार बिऱ्हाडांना ऐकू गेलं.

झालं! रविवारी सकाळी गॅलरीत माझी परीक्षा ठरली. कमलने दुकानातून जुन्या प्रश्नांची पुस्तिका आणली. आई गजराचं घड्याळ घेऊन बसली. शेजारच्या सावंतकाकी, मालवणहून येऊन चाळीत वीस वर्षं काढलेल्या, कुळीथ निवडायला सूप घेऊन नेमक्या माझ्यासमोर येऊन टेकल्या. बाकीचे प्रेक्षक कठड्याला रेलून उभे. मी मनगट मोकळं केलं, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि सुरू झालो.

सुरुवात झकास झाली. मग प्रश्न आला, 'पाच भावांना प्रत्येकी एक बहीण आहे, तर भावंडं एकूण किती?' आता उत्तर सहा, हे कुणालाही समजेल. पण पाचही भाऊ एकाच आईबापाचे, असं प्रश्नात कुठे म्हटलं होतं? मी विचार केला. पुन्हा विचार केला. शेवटी सवयीने उत्तराच्या जागी लिहिलं, 'खुलासा मागवावा.' खाली सही करणार होतो, तेवढ्यात भान आलं.

गजर वाजला तेव्हा माझं चोपन्नावं उत्तर तपासून नुकतं झालं होतं. कमलने पुस्तिका घेतली, उत्तरं ताडून पाहिली आणि हळूच म्हणाली, "त्रेपन्न."

"त्रेपन्न काय?"

"गुण."

कठड्यावर हशा पिकला. मी म्हणालो, "पण चुका किती? चुका सांग ना!"

"एकच. तो खुलाशाचा."

"बघा!" मी प्रेक्षकांकडे वळलो. "चोपन्नांत एकच!"

"आणि ह्येच्या फुडचे?" सावंतकाकींनी सूप खाली ठेवलं आणि पुस्तिकेच्या कोऱ्या पानांवर बोट आपटलं. "ह्ये कोण करतलो? तुझो सायेब? अरे, एक नारळ सोलूक येणा नाय, तर त्येच्याच उरावर बसतंस? तो बाजूक टाक, दुसरो घे. मगे वेळ उरलो तर त्येका बघ!"

पुन्हा हशा झाला. कमल मात्र हसली नाही. ती कोऱ्या पानांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या लाल पेन्सिलीकडे. पुढचे सहा महिने तिने अभ्यास स्वतःचा स्वतः केला. मी जवळ गेलो की आई म्हणायची, "तू भाजी आण जा." त्या सहा महिन्यांत आमच्या घरात फार भाजी खाल्ली गेली.

तिसऱ्या परीक्षेला मी तिला बसने सांताक्रूझला घेऊन गेलो. दारात लाल पेन्सिल पुढे केली. तिने ती घेतली, माझ्याच खिशाला लावली आणि आत गेली.

पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं होतं. पण माझा पाय निघेना. मी आवारातल्या चिकूच्या झाडाआड उभा राहिलो. तिथून खिडकीतून तिचं बाक दिसत होतं. कमल लिहीत होती. झरझर लिहीत होती. मग थांबली, प्रश्नाकडे पाहिलं, आणि तो तसाच सोडून पुढे गेली! नुसती पुढे गेली नाही, पान उलटलं! सगळी शिकवणी, सगळे बदाम पाण्यात! नेमकं त्याच वेळी डोक्यावरून विमान उतरायला लागलं, आणि त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा हिशेबाने मी जीव तोडून ओरडलो, "अगं, मागे फीर! एक सुटलाय!"

विमान गेलं. माझं वाक्य मागे राहिलं.

सगळ्या वर्गाच्या माना वळल्या. पांढऱ्या पातळातल्या, चष्मा लावलेल्या पर्यवेक्षिका बाई पायऱ्या उतरून आल्या.

"कोण तुम्ही? कुणाला सांगत होतात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कमलचं नाव निघालं असतं तर तिचा पेपर तिथेच काढून घेतला असता. शेवटची खेप, आणि तीही माझ्यामुळे गेली असती.

"इथे आहे का कुणी तुमचं?" बाईंनी आवाज चढवला.

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं उत्तर न तपासता दिलं. "नाही हो, माझं कुणी नाही इथे."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. कमलने मान वर केली, रस्त्यातल्या वेड्याकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहिली आणि खाली मान घालून लिहायला लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. पुढे उरलेला वेळ मी फाटकावरच्या भय्याच्या ताब्यात, त्याच्या स्टुलावर काढला. माझे डोळे पाहून त्याने पाण्याचा लोटा पुढे केला. "पी लो साब. धूप लग गया होगा."

गुण आले चौऱ्याऐंशी.

कमलने सगळं सांगितलं. अकरा प्रश्न तिने बाजूला टाकले होते, बाकीचे संपवून परत आली तेव्हा त्यातले चार सुटले, आणि केलेल्यांपैकी नऊ चुकले. नऊ चुका! आमच्या घरात इतक्या चुका कुणी एका तासात केल्या नव्हत्या. मी चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन अभिमानाने सांगून आलो. सावंतकाकींकडे सर्वांत आधी पेढे गेले.

प्रवेशाच्या दिवशी पालकाची सही लागत होती. मी कडक इस्त्रीचा कोट घालून गेलो. टेबलापलीकडे त्याच पांढऱ्या पातळातल्या बाई! त्यांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं.

"हे कोण?"

"माझा दादा, बाई," कमल म्हणाली.

"पण त्या दिवशी तर..."

"त्या दिवशी नव्हता."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होत्या की राग, ते मला समजलं नाही. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. छाती इतकी भरून आली होती की मी एक अक्षर न वाचता झोकदार सही ठोकली. खाली दोन रेघासुद्धा ओढल्या.

बाईंनी अर्ज फिरवून पाहिला. "अहो, ही विद्यार्थिनीच्या सहीची जागा आहे. प्रवेश नक्की कुणाला हवाय?"

"हिला!" मी उठून उभा राहिलो. "हिला, बाई! माझ्या बहिणीला! ही माझी बहीण आहे!"

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "शेजारच्या खोलीत परीक्षा चालू आहे."