गुरुवारची भाकरी

सोळा वर्षं मी दर गुरुवारी दत्तमहाराजांच्या नावानं कुत्र्यांना भाकरी घातली, आणि त्यातल्याच एकानं माझी गाय नेली. आज हे शांतपणे लिहिते आहे, पण त्या दिवशी मी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसले होते. महाराजांच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून लग्न होऊन या गावात आल्यापासून मी हा नेम धरला. देवळापुढं पाच-सहा कुत्री माझी वाट बघत असत. त्यांतलं तांबडं कुत्रं एका सकाळी गोठ्यात शिरलं, आमच्या गौरीच्या नाकपुडीला चावलं आणि पळालं. पुन्हा ते गावात दिसलं नाही. मी जखमेवर हळद दाबली, वरून महाराजांचा अंगारा लावला आणि विसरून गेले. माणसाला चावलं असतं तर दवाखाना आठवला असता. गाईलाही दवाखाना असतो, हे मला सुचलंच नाही.

दीडेक महिन्यानं, एका शुक्रवारी सकाळी गौरीनं वैरणीला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळेची धार लागली होती आणि हंबरणं असं घोगरं, की ऐकवत नव्हतं. आमच्याकडे कांदा काढणीचे दिवस म्हणजे जनावराच्या घशात कांदा अडकायचे दिवस. गाय-म्हैस पाळणाऱ्या कुणाच्याही मनात आधी तेच येतं. मालक सुप्याला कंपनीत, शनिवारशिवाय घरी येत नाहीत. मी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात गौरीच्या तोंडात घातला. कांदा नव्हताच. हात बाहेर काढताना दाताचा ओरखडा उठला आणि मनगटावर रक्त आलं. ते मी पदराला पुसलं.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आमचे दोन बोकड घोडेगावच्या बाजारात न्यायचे होते. नेहमीचा ड्रायव्हर आजारी, म्हणून बदली माणूस आला होता. पन्नाशीचा, डोक्याला मळका रुमाल. त्यानं गोठ्याच्या दारातूनच गौरीकडे पाहिलं आणि तो आत आलाच नाही.

"ताई, तोंडात हात घातला व्हय हिच्या?"

"घातला. कांदा बघितला."

"साबन आना आदी."

मला राग आला. बाजाराला उशीर होतोय आणि हा मला आंघोळ शिकवतोय! "हिला कुत्रं चावलंवतं का?" त्यानं विचारलं, आणि मला तांबडं आठवलं. मी नळाखाली हात धरला. दोन मिनिटांत बंद करायला गेले तर त्यानं मोबाईल दाखवला. "पंधरा मिन्टं. मी हितंच हाय." बोकडांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "बोकडं जात्याल फुडल्या बाजाराला. जीव फुडल्या बाजाराला मिळत न्हाई." मग त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि मला टेम्पोत पुढं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन फुकट मिळालं, पण रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती आणखी एक औषध टोचायचं होतं, ते नगरला मोठ्या दवाखान्यात. तिथंही तोच घेऊन गेला. त्या सुया ओरखड्यातच टोचतात. मी दत्ताचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू? मी आईला हाका मारल्या.

तिथली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "या गाईचं कच्चं दूध कोणी प्यायलंय का?"

"कच्चं कोण पितंय, बाई?" मी म्हणाले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या दिवशी गुरुवार होता. अभिषेकाला दूध आमच्या गौरीचंच असतं, धारोष्ण. त्याचंच पंचामृत, त्याचंच तीर्थ. तीस-पस्तीस माणसांनी ओंजळ पुढं केली होती. डॉक्टर म्हणाली, उकळलेल्या दुधाची भीती नाही. कच्च्यानंही सहसा काही होत नाही, पण हा आजार एकदा दिसला की त्याला औषध नाही. तेव्हा प्यायलेल्या सगळ्यांना दाखवायला आणा, तोंडात जखमा असतील त्यांना तर नक्कीच.

संध्याकाळी घरी आले तर गौरी गेलेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी लक्षणं बघून पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचाच आजार सांगितला होता आणि तिला खोल पुरायला लावलं होतं. फोनवर कळल्यामुळं मालकही सुप्याहून आले होते. तीर्थाचं ऐकून ते खाली बसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "बोललीस तर म्हशीचं दूध बी कोन घेनार न्हाई. गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हानार न्हाई." त्यांचं चूक नव्हतं. आमचं घर दुधावरच उभं आहे. पण आमच्या दुधाचं तीर्थ माणसांच्या पोटात होतं आणि मी घरात बसून राहिले असते तर पुढचा प्रत्येक दिवस मोजत बसले असते. मी तशीच, पट्टी बांधल्या हातानं, आरतीला गेले.

आरती संपल्यावर सगळं सांगितलं. मग सोनाआक्का उठल्या. गावातली वयानं सगळ्यात थोर बाई. मिशरीनं हिरड्या कायम सोललेल्या, आणि काल तीर्थ दोनदा घेतलेलं. "तीर्थ कदी बाधतंय व्हय गं?" त्या कडाडल्या. "देव तारी त्याला कोन मारी! सुई टोचून घेतली म्हंजी म्हाराजांवर इश्वास न्हाई असं झालं." चार माना हलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, इंजेक्शन फुकट असंल, पन चार फेऱ्या माराव्या लागत्याल. भाडं कुनी द्यायचं? कांदा काढणीचा रोज बुडंल त्याचं काय?

माझ्याजवळ एक डबा होता. देवळातल्या पादुका चांदीनं मढवीन असा नवस मी बोलले होते आणि दुधाच्या पैशातून कित्येक वर्षं त्यात टाकत आले होते. तो डबा फोडीन, भाडं आणि रोज त्यातून देईन, असं मी म्हणून गेले. म्हणाले आणि घाबरले, कारण तो पैसा माझा नव्हता, देवाला दिलेला होता. मी गुरवकाकांकडे पाहिलं.

काकांनी पादुकांवरची फुलं सारखी केली. मग म्हणाले, "चांदीची घाई मला हाय, तुला हाय. म्हाराजांना न्हाई." आणि सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारून आक्कांपुढं उभे राहिले. "तीर्थ ह्या हातानं दिलंय, आक्का. पैली सुई मला. माझा इश्वास कमी हाय म्हनता का?"

आक्का काठी उचलून म्हणाल्या, "सकाळी किती वाजता?"

सकाळी देवळापुढं तोच टेम्पो उभा होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, गावात बातमी कळली म्हणून आलो म्हणाला. चारही फेऱ्यांना तो आला आणि डिझेलपुरतेच पैसे घेतले. शेवटच्या दिवशी मी नाव विचारलं तर हसला. "गाडीवर लिवलंय की!" गाडीवर 'श्री गुरुदेव दत्त' लिहिलेलं होतं. आता अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्यांवर तेच असतं, तेव्हा मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मी फक्त घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले, यावेळी तोंड करून, आणि पोटभर रडले.

तीर्थ घेतलेल्यांपैकी कुणालाही काही झालं नाही. दोन महिने आमचं दूध मात्र कुणी घेतलं नाही, तेही खरं. मग एका सकाळी सोनाआक्का स्वतः लोटी घेऊन दारात आल्या. "उकळून पिईन," म्हणाल्या, "पन तुझंच पिईन."

डब्यात थोडे पैसे उरले होते. त्यांत गावातल्या कुत्र्यांना लस टोचायची ठरवली. जनावरांच्या दवाखान्यातली माणसं जाळी घेऊन आली, तर जाळी दिसताच कुत्री रानात पसार. अर्धा दिवस धावून त्यांच्या हाती एकही लागलं नाही. शेवटी मी घरी गेले, टोपलीभर भाकरी घेतल्या आणि देवळापुढं येऊन नेहमीची हाक मारली, "या रं." गौरी गेल्यापासून मी एकाही कुत्र्याला जवळ केलं नव्हतं.

ती आली. एकामागून एक, शेपट्या हलवत. मी भाकरीचा तुकडा पुढं धरायचे, मान मांडीशी घ्यायचे आणि डॉक्टर मागून सुई टोचायचे. एकही दात मला लागला नाही. देवळापुढच्या सगळ्या कुत्र्यांना त्या दिवशी लस मिळाली, कारण ती आणि त्यांच्या आधीची सोळा वर्षं माझ्या हातचं खात होती.

आपण देवाला काय देतो आणि कशासाठी देतो, ते आपल्याला ठाऊक असतं असं मला वाटायचं. आता मी तो हिशोब महाराजांवर सोडला आहे. पादुका अजून दगडाच्याच आहेत. गुरुवारी त्यांवर डोकं ठेवते आणि टोपली घेऊन बाहेर येते.