इथं कोण नापास होत न्हाय

माझ्या पोरीला ब्लॅक बेल्ट मिळाला त्या दिवशी तिचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढं ज्या माणसावर मी चिडणार आहे, त्याच्याआधी थोडा राग माझ्या वाट्याला यायला पाहिजे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. लाइट बिलापासून दवाखान्याच्या रिपोर्टपर्यंत सगळे कागद वाचायचं काम माझं. आणि नेमका हाच कागद मी नीट वाचला नाही.

कागद जाड, सोनेरी काठाचा. मधे पृथ्वीचा गोल, दोन बाजूंना दोन ड्रॅगन, वर मोठ्या अक्षरात 'आंतरराष्ट्रीय'. पोरगी अकरावीला. कराटेच्या क्लासला जाऊन चौदा महिने झालेले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे पट्टे तेवढ्यात कमरेवरून फिरून गेले. आडसाली ऊस याहून जास्त दिवस रानात उभा असतो.

परीक्षा झाली हातकणंगल्याच्या एका मंगल कार्यालयात. मी क्लासच्या सरांना विचारलंही होतं, "सर, आंतरराष्ट्रीय कसं काय?"

"निपाणीची चार पोरं आलती की, ताई. दुसरं राज्य झालं."

"मग ते राष्ट्रीय झालं. आंतरराष्ट्रीय कुठनं आलं?"

"आपली संस्थाच आंतरराष्ट्रीय हाय."

मी हसले आणि घरी आले. हसले, तिथंच चुकलं.

मग आमच्या चौकात फ्लेक्स लागला. शनिवारी मुलींच्या एका हायस्कुलात स्वसंरक्षण शिबिर, 'चाकूहल्ल्यापासून बचाव', आणि प्रमुख प्रशिक्षक म्हणून माझ्या पोरीचा फोटो. नावाआधी 'सेन्सेई'. माझे वडील बाजारातून येताना तो बघून आले आणि चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाले, "त्या बोर्डावर पोरीच्या नावाम्होरं काय लिवलंय गं?"

"सेन्सेई. जपानी शब्द आहे. म्हणजे आपला वस्ताद."

वडिलांनी कप खाली ठेवला.

वडील गुळाच्या बाजारात हमाल होते. पाठीवर गुळाचे रवे वाहून संध्याकाळी पेठेतल्या तालमीत लाठी आणि दांडपट्टा खेळायचे. चाळीस वर्षं हे चाललं. त्यांचे वस्ताद वारले तेव्हा तालमीची जाणती माणसं वस्तादकीचा फेटा घेऊन आमच्या दारात आली. वडिलांनी तो परत पाठवला. "डावा हात अजून चुकतोय माझा," एवढंच कारण. आजही कोणी वस्ताद म्हणून हाक मारली की ते मान हलवतात. "वस्ताद गेले. म्या नुसती राखण करतोय." आमच्या तालमीत तो शब्द माणूस स्वतः घेत नाही. दुसऱ्यांनी दिला तरी आधी स्वतःकडं बघून घेतो. आणि इथं सतरा वर्षांच्या पोरीला तो फ्लेक्सवाल्याकडून छापून आला होता.

ते पोरीला रागावले नाहीत. म्हणाले, "जा, तुझा तो पांढरा ड्रेस घालून ये. पट्टा बी बांध." पाणी तापवायच्या बंबाखालचा विझलेला कोळसा त्यांनी उचलला आणि अंगणात उभे राहिले. "ह्यो चाकू. मला अंगाला लावू दिऊ नगो."

पोरीनं पवित्रा घेतला, जोरात ओरडली. ओरडणं संपायच्या आत पोटावर काळी रेघ. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यानं अधू माणूस. पण हात कुठनं यायचा ते मलाही दिसत नव्हतं. दंडावर, बरगडीवर, मागं वळली तर पाठीवर. वरच्या गच्चीत धुणं वाळत घालणारी शेजारीण खो खो हसत म्हणाली, "पोरीचा फळा केलासा की हो आबा!"

"आबा, असं न्हाय मारायचं," पोरगी धापा टाकत म्हणाली. "सर हात लांब करून थांबतात. मग आम्ही मनगट धरतो."

"व्हय? आणि चाकूवाला थांबतोय व्हय गं? त्याला काय फॉर्म भरून बोलावलंय?"

अकरा डाग. मी मोजले. शेवटचा मानेला. तो मी पदरानं पुसला. पट्ट्यावर मात्र एकही दिसत नव्हता. काळ्यावर काळं दिसत नाही.

वडिलांनी कोळसा टाकला, हात झटकले. "परीक्षेत नापास किती झाली तुमच्यात?"

"कोणच न्हाय, आबा."

"मग ती परीक्षा न्हवं. वाढदिवस."

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अर्थशास्त्रात नापास झाले होते. चार दिवस जेवले नाही. तेव्हा ह्याच माणसानं, ज्याला स्वतःची सही करायला अर्धा मिनिट लागतो, मला सांगितलं होतं, "नापास करत्यात म्हंजे खरं कॉलेज हाय. जा परत." मी गेले परत. ती पदवी आमच्या बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावली आहे आणि मला तिचा गर्व आहे. असणारच. तो कागद मला कोणी वाटलेला नाही. म्हणूनच त्या सोनेरी काठाच्या कागदाचा राग माझ्या डोक्यात गेला. शनिवारी चाळीसेक पोरी माझ्या पोरीचं ऐकून घरी जाणार होत्या. उद्या त्यातली एखादी चाकू बघून पळायच्या ऐवजी मनगट धरायला पुढं होईल. सरांचं काय जाणार? त्यांचा फ्लेक्स तेव्हा बदललेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी क्लासवर गेलो. पोरगीच बोलली. "सर, चाकूची माझी परीक्षा परत घ्या. मी देतो. पण सर, थांबायचं नाही तुम्ही. आणि जमलं नाही तर मला नापास करा."

सर हसले. छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडं कोण नापास होत न्हाय!"

ही त्या माणसाची जाहिरात होती. लाज नव्हती वाटत, अभिमान होता.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते माझ्याकडं वळले. "पोरांचा कॉन्फिडन्स वाढतोय, ते बघा की."

"चाकूला कॉन्फिडन्स कळत नाही, सर. शनिवारचं रद्द करा."

"रद्द कसं? फ्लेक्स लागलाय!"

मी आणखी बोलणार होते, पण पोरीनं माझा दंड धरला. म्हणाली, "चल आई. मी जातो शनिवारी." मला वाटलं, संपलं. पोरगी फोटोला भुलली. 

शनिवारी सकाळी मी तो ड्रेस बादलीत भिजवायला घेतला तशी ती आतून ओरडली, "आई, धुऊ नको!"

डागांसकट घालून गेली. पट्टा घरी ठेवून. मी हॉलच्या दाराशी उभी होते. चाळीसेक पोरींसमोर तिनं एकेक डाग बोट लावून मोजून दाखवला. "हे सगळे माझ्या आजोबांनी मारले. ते सत्तरीचे आहेत, त्यांचा गुडघा दुखतो. माझ्याकडं ब्लॅक बेल्ट आहे. मला एक पण वार अडवता आला नाही. तर चाकू दिसला की हातातलं टाकायचं, बोंबलायचं आणि पळायचं. आता बोंबलून दाखवा." पोरी आधी लाजल्या. मग अशा काही ओरडल्या की शाळेचा शिपाई धावत आला. सर कोपऱ्यात लालबुंद होऊन उभे होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोरीनं संस्थेची बदनामी केली, ताई. बेल्ट काढून घेणार आम्ही."

"घ्या की. पण लेखी द्या. चाकूच्या परीक्षेत नापास, असं लिहून सही-शिक्का मारून द्या. माझ्या बी.ए.च्या शेजारी लावते."

फोन कट झाला. त्यांनी अजून काही पाठवलेलं नाही. चौकातला फ्लेक्सही तसाच आहे, माझी पोरगी त्यावर अजून सेन्सेई आहे. भिंतीवर खिळा मात्र मी ठोकून ठेवलाय.