उजवीकडचा स्पीकर

कुणाशीही बोलायचं झालं की डायवरकाका आधी त्या माणसाभोवती अर्धी प्रदक्षिणा घालायचे. समोरचा गोंधळून जागच्या जागी फिरायला लागायचा. मग काका थांबायचे, उजव्या कानावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्या दारान चडा. ता दार बंद आसा."

ता दार म्हणजे डावा कान. जुन्या लाल एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असायचं, हे तुमच्यापैकी ज्यांनी पुढच्या बाकावर बसून प्रवास केला त्यांना आठवत असेल. काकांनी उभी हयात त्या इंजिनाशेजारी काढली. एसटी सुटली, पण तिने जाताना एक कान ठेवून घेतला. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. ते कपाटात साड्यांच्या घडीखाली असे. "कानात घातलंय काय मालवणातले सगळे कावळे एकदम वराडतत," असं त्यांचं म्हणणं.

असा माणूस तुम्ही पंगतीत पाहिला असेल. सगळे हसले की तो हसतो. काय विनोद झाला ते त्याला ठाऊक नसतं, पण आपण मागे राहू नये म्हणून तो हसतो आणि सगळ्यांच्या नंतर थांबतो. काका तसेच होते.

मालवणात माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीटकव्हर, हॉर्न, दिवे आणि मुख्य म्हणजे स्टिरिओ. काका मागच्या वाडीत राहायचे. त्यांच्याकडे जुनी स्कूटर होती, तेव्हा आमचा संबंध हवा-पाण्याच्या गप्पांपुरता. मग एके दिवशी ते दुकानासमोर एक लाल, बुटकी, दोन माणसांची गाडी घेऊन उभे राहिले.

निवृत्तीनंतर लोक बोअर मारतात, काजूची कलमं लावतात. काकांनी स्पोर्ट्स कार घेतली. असल्या छोट्या उघड्या गाड्या एकेकाळी गोव्यातच बनायच्या. त्यातलीच एक कुठल्याशा हॉटेलवाल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, ती काकांच्या नजरेला पडली. कापडी छप्पर मागे ढकललं की वर फक्त आभाळ. गोव्याहून आणताना इन्सुलीच्या नाक्यावर एका ओळखीच्या हवालदाराने अडवून विचारलं, "काका, बाकीचे पॅशिंजर खंय?"

"सगळे उतरले. गाडी डेपोत जाता," काका म्हणाले.

मी त्यांना विचारलं, की या वयात ही गाडी कशाला? त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर थाप मारली. "जल्मभर गाडी भरून माणसां घेवन फिरलंय रे झिला. ह्येका सुटे पैसे देवा, त्येका उतरवा. आता एकच शीट. तीव रिझर्व."

ती रिझर्व सीट काकीची.

काकीचं माहेर आरोंद्याचं, खाडीकाठचं. गजाल सांगावी तर तिने. साधं दळण आणायला गेली तरी येताना चार माणसांच्या हकिगती पदराला बांधून आणायची. स्कूटरवर ती मागे बसे तेव्हा तिचं तोंड बरोबर काकांच्या उजव्या खांद्याशी येई. मालवणहून कट्टा गावापर्यंत जाईतो अख्ख्या वाडीची बातमी सांगून संपायची. पुढे तिचे गुडघे धरले. स्कूटरवर चढणं बंद झालं आणि बोलण्याची ती जागाही गेली. म्हणून ही गाडी. बुटक्या गाडीत बसताना गुडघ्यांची काय अवस्था होईल याचा विचार काकांनी केला नव्हता, पण काकी आधी पाठमोरी बसायची आणि मग पाय आत घ्यायची, ते तिचं तिने जमवलं होतं.

पहिली फेरी अर्थातच आरोंद्याला. काकीची आई वारली त्यानंतर माहेरी जायची ही पहिलीच वेळ. नवी साडी, केसांत सुरंगीचा वळेसर, छप्पर उघडं. वाटेत काकी बोलायला लागली. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल, जे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बोलता बोलता रडली. डोळे पुसून परत बोलली. काका समोर रस्त्याकडे बघत होते. खाडी दिसायला लागली तसे ते तिच्याकडे वळले आणि चेहरा उजळून म्हणाले, "पिकप बघलंस मां हिचो?"

काकी आता डाव्या बाजूला बसत होती. बंद दाराच्या बाजूला. शिवाय वारा. एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

येताना काकी एसटीने आली. ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. पुढे एसटी, एसटीच्या खिडकीत तोंड फिरवून बसलेली काकी, आणि मागे लाल उघड्या गाडीत एकटे काका. सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं, तरी ते एसटीच्या मागेच. नंतर मी विचारलं, की पुढे का नाही गेलात? तर म्हणाले, "जल्मभर एसटी चलवलंय. एसटीक ओवरटेक कसो करू?" मग म्हणाले, "आणि आत ती होती मां."

दुसऱ्या दिवशी ते आधी मेकॅनिककडे गेले आणि स्टेअरिंग डावीकडे बसवता येईल का म्हणून विचारलं. तसं झालं तर काकी उजवीकडे येईल, हा हिशोब. मेकॅनिक म्हणाला, "काका, मी हसान आणि सोडून देईन. आरटीओवालो हसूचो नाय." तिथून ते माझ्याकडे आले.

"हो टेप बदलूचो आसा."

गाडीत कॅसेटचा जुना टेप होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली. मी त्यांना नवे सेट दाखवले, टचस्क्रीन दाखवला, अँप्लिफायर दाखवला. या गाडीला डिकी म्हणजे नावालाच, पण सीटखाली बसेल असा चपटा वूफरही काढला आणि दुकानातच वाजवून दाखवला. काकांनी त्यावर तळवा ठेवला. "ह्या तर एसटीचा इंजिन," ते म्हणाले. "बंद कर. माका गाणा नको."

"मग काय व्हया?"

 मग आरोंद्याची हकिगत त्यांनी मला सांगितली. वर लिहिली तीच, माहेरी पोचल्यावर काकीने सुनावलं त्यावरून कळलेली, पण अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी. शेवटी म्हणाले, "पर्यटकांच्या गाडयेत एक बाय पुढे बसान माईकवर सांगता. हो किल्लो, ह्यां देऊळ. मागल्या शिटीवर सुदीक आयकाक येता. तसा हिचा करूक येता काय?"

मी इतकी वर्षं स्टिरिओ बसवतोय. कुणाला डिकी हादरायला हवी असते, कुणाला काचा. बायको ऐकू यावी म्हणून आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. जुना टेप उपटला तर आतून मूठभर समुद्राची वाळू सांडली. नवा सेट बसवला. त्याला माईक लागेल असा छोटा अँप्लिफायर जोडला. ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यामागे, कानाच्या उंचीवर एक लहानसा स्पीकर बसवला. माईकचा आवाज एरवी फक्त त्यातून यायचा. बाकीचे स्पीकर गाण्यांसाठी. सगळे एकदम चालू करायला एक बटण. पण माईक चालू केला की शिट्टी वाजायची, अशी की समोरच्या पानवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवावेत. काका मात्र शांत बसलेले. "माका कायतरी आयकाक इला!" म्हणून खूश. मग कपड्याला लावायचा बारीक माईक आणला, त्याला वाऱ्यासाठी स्पंजची टोपी घातली, आवाज खाली आणला, तेव्हा शिट्टी गेली.

मी काकीच्या जागेवर बसून तपासत होतो. "हॅलो, हॅलो."

"हॅलो नको रे. कायतरी बोल."

माणसाच्या हातात माईक दिला की नेमकं काही सुचत नाही. मी हळूच म्हणालो, "काका, मुसळधार पाऊस इलो तर ह्या छप्पर गळतला."

"गळांदे," काका म्हणाले. लगेच म्हणाले. अर्धी प्रदक्षिणा नाही, कानावर बोट नाही. 

आता प्रश्न काकीचा. ती गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. "मी काय निवडणुकेक उभी आसंय, माईक लावन फिराक?" काकांनी दोन दिवस विनवण्या केल्या. शेवटी मी गेलो. ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, "तुका खोटा वाटात, पण मी रागान गप्प नाय बसाक. एकदा सांगलेली ती गजाल. तीच दोनदा मोठ्यान सांगलंय काय ता भांडण होता. रोज कोण भांडतला? म्हणान बोलणाच सोडलंय."

 मी म्हटलं, "काकी, सेट तपासूक बायलमाणसाचो आवाज व्हयो. माझा काम अडलाहा."

माझं काम अडलंय म्हटल्यावर ती उठली. "बंदरापर्यंतच. मासे घेवन परत."

पदराला माईक लावून, मान ताठ करून ती बसली. मी माझ्या मोटरसायकलवरून मागोमाग. बंदराच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने तोंड उघडलं नसावं. कारण काकांना वाटलं, माईक बंद आहे. मासळी बाजाराशी गाडी हळू झाली तसं त्यांनी पुढचं एक बटण दाबलं. सगळ्या स्पीकरांचं.

आणि त्याच क्षणी काकीला राहवलं नाही.

"अवो, थंय थांबा नको," सगळ्या बाजाराने ऐकलं. "तिची सुरमय कालची आसा, बरफातली. आणि पोट आत घेवा जरा, लोक बघतत."

 जिच्या सुरमईबद्दल बोलणं झालं ती कोयती हातात घेऊन उभी राहिली. "काकी! कालची? ये हयसर, डोळे बघ तिचे!"

आवाज कुठून येतोय ते काकीच्या अजून लक्षात आलं नव्हतं. ती काकांकडे झुकली आणि अगदी कुजबुजली. तीही कुजबुज जेटीपर्यंत गेली.

"आयकला वाटता तिना."

हसणं फुटलं. पण त्याआधी, सगळ्यांच्या आधी, काका हसले. स्टेअरिंगवर डोकं टेकवून, खांदे गदगदवून हसले. त्यांच्या मागून अख्खा बाजार हसला, कोयतीवालीसुद्धा. काकीने पदराने तोंड झाकलं, तर त्या पदरालाच माईक होता, त्यामुळे तिचं हसूही सगळीकडे ऐकू आलं.

मी धावत जाऊन ते बटण बंद केलं. काकी काकांकडे बघत होती. "तुमका आयकाक इला? मी तर हळू बोललंय."

"पोट आत घेतलंय मां," काका म्हणाले.

त्या दिवशी सुरमई त्याच बाईकडून घेतली गेली. ताजी होती असं काकीने नंतर कबूल केलं, पण फक्त माझ्याजवळ.

पुढच्या आठवड्यात दोघं परत आरोंद्याला गेली. येताना एकाच गाडीतून आली. संध्याकाळी काका दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं, सेट बिघडला.

"बरो चलता सेट," ते म्हणाले. "आवशीचा सगळा सांगल्यान तिना. म्हातारी शेवटाक कोणाक वळखी नाय. पण रोज विचारी, जावय जेवलो काय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "माका काय म्हायत? माका आज कळला."

त्यानंतर ती लाल गाडी आमच्या गावाला सवयीची झाली. संध्याकाळी दोघं निघायची, कधी चिवल्याच्या किनाऱ्याकडे, कधी नुसती देवळापर्यंत. काकी बोलत असायची, काका माना डोलवत असायचे. गाणी कधी वाजलेली मी ऐकली नाहीत. कुणी लिफ्ट मागितली की काका शेजारी बोट दाखवून म्हणायचे, "शीट फुल."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने दोघांना कोल्हापूरला बोलावून घेतलं. तिला बाळ व्हायचं होतं, आणि आता आई-बापांनी इकडे एकटं राहू नये असं तिचं म्हणणं. काकांनी खूप आढेवेढे घेतले. "थंय मासे खंयचे? आणि मी थंय करू काय?" पण नातवापुढे कुणाचं चाललंय? सामान टेम्पोने पुढे गेलं. निरोप घ्यायला ती दोघं दुकानात आली तेव्हा मी मालाच्या खेपेला बाहेर पडलो होतो, त्यामुळे चुकामूक झाली.

मीही त्या दिवशी कोल्हापूरलाच निघालो होतो. आमची एसटी फोंडाघाट चढत होती. वरच्या एका वळणावर, जिथून मागे वळून पाहिलं की सगळं कोकण दिसतं, तिथे ती लाल गाडी कडेला उभी होती. छप्पर उघडं. दोघं आतच बसलेली. काका खाली बघत होते, आणि काकी हात लांब करून त्यांना काहीतरी दाखवत होती.

मी खिडकीतून हाक मारली, "काका!" आमच्या ड्रायव्हरने त्यांना ओळखून हॉर्न दिला. आमची एसटी त्यांच्या बंद दाराच्या बाजूने जात होती, म्हणून काकांना दोन्ही ऐकू गेलं नाही. काकीने मात्र मान वर केली, मला पाहिलं आणि पदराशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. तसा काकांचा हात वर गेला, न वळताच, एका ड्रायव्हरने दुसऱ्याला करावा तसा. मग ती आणखी काहीतरी म्हणाली. हे माझ्याबद्दल होतं की एसटीबद्दल, की त्यांच्या पोटाबद्दल, ते मला कधीच कळणार नाही, कारण आवाज उजवीकडच्या त्या एका स्पीकरातूनच जात होता. काका हसायला लागले, आणि आमची गाडी वळण घेऊन पुढे गेली.