ओहोटीत अडकलेली दुपार

माझ्या बायकोबद्दल आमच्या घरात सगळे म्हणतात, आईला मराठी बोलता येत नाही, नुसती समजते. मागच्या आठवड्यात नातवासाठी मुलगी सांगून आली. पुण्याची मंडळी झाशीला, सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घरी येऊन बसली, तेव्हा धाकट्या मुलाने त्यांनाही तेच सांगितलं. मी चहा पीत राहिलो. पण तिला मराठी बोलता येत नाही, हे खरं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही रेल्वेतली काही जुनी जोडपी मोठी होडी ठरवून कोकणच्या किनाऱ्याने फिरायला गेलो होतो. रोज वेगळी खाडी, वेगळं गाव. एका लहानशा बंदरात सकाळी उतरलो. होडीचा तांडेल म्हणाला, "काका, लवकर या हं. पाणी जाईल." मी हसलो. आम्ही बेतवा नदी पाहिलेली माणसं. पाणी उन्हाळ्यात आटतं, सकाळची दुपार होईतो कुठे जाणार?

गावात चिऱ्याची कुंपणं, अंगणांत वाळत घातलेल्या सुपाऱ्या. एका दुकानात मी पाणी मागितलं, अगदी नीट मराठीत. दुकानदार म्हणाला, "अंकल, ठंडा दूँ कि सादा?" झाशीत जन्मभर मला सगळे 'मराठे साहब' म्हणत. इथे मी अंकल झालो.

पुढे एका पडवीत बायका कोकमं फोडत होत्या. ही थेट त्यांच्यात जाऊन बसली. हिचं माहेर झाशीतलंच, पिढ्यान् पिढ्यांचं. स्वयंपाकघराला ती मुदपाकखाना म्हणायची आणि प्रत्येक वाक्याला 'जी' लावायची.

"तुमच्या मुदपाकखान्यात रोज हेच आंबट घालता का जी?"

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा!" त्यांच्यातल्या एका म्हातारीने शेजारणीला हाक मारली. "अगो, ये गो, ऐक ही कशी बोलते ती! कुठल्या हो तुम्ही?"

"झाशीच्या. मराठीच आहोत जी आम्ही."

"म्हणजे राणीच्या गावच्या! मग घोडा कुठाय?"

"घोडा घरी बांधून ठेवला. यांना घेऊन आले."

पडवी हसून लोटपोट झाली. ही सगळ्यांत जास्त हसत होती. मी तिला हाताला धरून उठवलं आणि गल्लीत नेऊन म्हणालो, "येत नाही तर बोलू नकोस. तमाशा चाललाय तुझा. हिंदीत बोल."

तिने पदर सावरला आणि धक्क्याकडे चालू लागली.

धक्क्यावर आलो तर होडी चिखलात कलंडलेली. सोबतची मंडळी धक्क्यावरच्या सावलीत पत्ते कुटत बसलेली. खाडीत पाण्याची एक बारीक रेघ उरली होती. तांडेल बिडी ओढत म्हणाला, "सांगितलं होतं ना काका. आता भरतीशिवाय ही हलायची नाय." आमच्या उशिरामुळे सगळे अडकले, म्हणून पत्त्यांत जायला तोंड नव्हतं, गावात परत जायची लाज. आम्ही दोघं होडीच्या तिरक्या फळीवर उन्हात बसून राहिलो. चिखलात खेकडे फिरत होते. मी एकदोनदा काहीतरी विचारलं. तिने मान हलवली.

बऱ्याच वेळाने ती म्हातारी मुलीच्या आधाराने धक्क्यावर आली. सोलकढीची बरणी हातात. "झाशीवाली, राग आला की काय? न सांगता उठलीस ती!"

ही उठून काठाशी गेली, बरणी घेतली, हात जोडले. "बहुत मेहरबानी, माताजी."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याच्या रेघेकडे पाहिलं. पाणी यायचं नाव घेत नव्हतं.

झाशीला परतल्यावर "अहो, जेवायला चला" बंद झालं आणि "खाना लग गया है, आप आ जाइए" सुरू झालं. मला वाटलं, चार दिवसांचा रुसवा. मुलं कामाधंद्यासाठी बाहेर होती. त्यांना वाटलं, वयाबरोबर विसरली.

पुण्याची मंडळी गेल्यावर मी तिला म्हणालो, "आता तरी मराठीत बोल ना."

तिने उशीचा अभ्रा झटकला आणि विचारलं, "किससे?"

म्हणून हे लिहिलं. धाकट्याला मराठी वाचता येत नाही. मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. ते तिच्यासमोरच करायचं ठरवलंय.