रांगेत ठेवलेल्या चपला

जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर स्वतः लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. त्यातून जे सांगायचे आहे ते एका खाण्याच्या रांगेविषयी. लिहावे की नाही, याचा मी बरेच आठवडे विचार केला. अखेर लिहिले ते एका अडचणीपायी. तेवढ्यासाठी वाचकांनी मला क्षमा करावी.

गेल्या हिवाळ्यात जालन्यात एका मोकळ्या मैदानावर ‘बार्बेक्यू महोत्सव’ भरला होता. निखाऱ्यांवर भाजलेले जे पदार्थ आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून खात आलो, त्यांना हे नाव आणि कमान मिळालेली पाहून मला पहिली शंका आली. मी विज्ञान शिकवीत असे, आणि कोणतेही विधान पडताळल्याखेरीज स्वीकारू नये ही सवय शाळेबाहेरही सुटली नाही.

मंठ्याच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक माझे सहकारी होते. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली, की आम्ही दोघे बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या एका सीख कबाबवाल्याकडे जात असू. आमच्या स्वयंपाकघरात मटण चालत नसे, त्यामुळे त्या खाण्याला माझ्यापुरती थोडी चोरटी गोडी होती. कबाबवाला एका वेळी दहाच सळ्या लावी, कारण त्याची शेगडीच तेवढी होती. पुढे तो बाजारात दिसेनासा झाला. आम्हीही निवृत्त होऊन जालन्यात स्थायिक झालो.

हे स्नेही आता मुलीकडे हैदराबादला कायमचे राहायला निघाले होते. सामान बांधून झाले होते आणि गाडी रात्री होती. त्या दुपारी त्यांचा फोन आला.

“सर, मैदानावर बोर्ड लागलाय. मंठ्याचे जुने सीख कबाब. तोच असंल. एकदा खाऊन जाऊ.”

“हैदराबादला निघालेला माणूस कबाबासाठी जालन्यात रांग लावतो?”

“तिकडं कबाब लई मिळतील. हा न्हाई मिळणार.”

पाच वाजता आम्ही पोहोचलो तेव्हा रांग पार कमानीपर्यंत आली होती. तिच्यात माणसे कमी आणि चपला जास्त होत्या. उभे राहून कंटाळलेली मंडळी चपलांचे जोड रांगेत ठेवून बाजूला जाऊन बसली होती. रांग सरकली की मागचा माणूस पुढचा जोड पायाने हळूच पुढे लोटी. मात्र जाण्यापूर्वी मागच्याला “माझा नंबर धरा” असे सांगावे लागे. गुडघे दुखत असल्याने स्नेही शेजारच्या कट्ट्यावर बसले आणि मी एकटा रांगेत उभा राहिलो.

अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दहा पावले सरकलो. माझा संशय वाढू लागला. रांग मुद्दाम अडवून ठेवली असावी, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे की येथे काहीतरी अपूर्व मिळते. शिवाय पलीकडच्या टोकालाही मंठ्याच्याच नावाचा दुसरा फलक होता. दोन्हींपैकी एक तरी खोटा असणार; कदाचित दोन्ही. मी आजूबाजूच्या लोकांना निरखू लागलो.

“सर,” कट्ट्यावरून स्नेही म्हणाले, “पोरं कॉपी करून राह्यलीत असं बघू नका लोकांकडं. बराबर येईल नंबर.”

“तो माणूस तोच आहे कशावरून? एकदा पाहून येतो.”

मी चपला काढून रांगेत ठेवल्या. माझ्या मागे एक तरुण मोबाईलमध्ये मान घालून उभा होता. त्याला नंबर धरायला सांगायचे होते. ओठांपर्यंत आलेले ते तीन शब्द परक्या माणसासमोर माझ्याने बोलवेनात. त्याने पाहिलेच असेल, अशी समजूत करून घेऊन मी अनवाणीच पुढे गेलो.

पुढे धूर होता आणि गर्दीची भिंत होती. सळीवर खिमा थापणाऱ्या एका म्हाताऱ्याची वाकलेली पाठ तेवढी दिसली. पाठीवरून काय ओळखणार? तरीही टाचा उंचावत मी बराच वेळ तेथे रेंगाळलो.

परत आलो तो रांग एकदम बरीच सरकली होती. माझ्या चपला मात्र जिथल्या तिथे, वळसा घालून गेलेल्या रांगेच्या कडेला एकट्या पडल्या होत्या. तरुण केव्हाच पुढे निघून गेला होता आणि रांगेचे शेपूट परत कमानीपर्यंत पोहोचले होते.

स्नेही उठून आले. त्यांनी चपलांकडे पाहिले, मग माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे.

“चपला तुमच्यापेक्षा इमानदार निघाल्या, सर. जागा न्हाई सोडली.”

“मी पुन्हा शेवटी उभा राहतो.”

त्यांनी घड्याळ पाहिले. “ऱ्हाऊ द्या. मंग गाडी हुकंल.”

रिक्षात ते मुलीच्या घराविषयी बोलत राहिले. कबाबाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो आणि तासाहून अधिक काळ जागेवरून न हलता उभा राहिलो. शेवटी शेगडीसमोर पोहोचलो. ती जुनीच होती आणि तिच्यावर मोजून दहा सळ्या होत्या. रांग कोणी अडवली नव्हती. त्या शेगडीवर तेवढेच भाजले जात होते. म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

“ते ड्रॉइंगवाले सर न्हाई आले?”

मी नकारार्थी मान हलवली. कबाब तसाच होता, किंचित जळलेल्या कडांसकट. एवढ्या रांगेच्या तोलाचा तो होता का, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही.

त्याच रात्री हैदराबादहून फोन आला. त्यांनी आधी मुलीच्या घराच्या गच्चीविषयी सांगितले आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, “मंग सर, गेल्ते का परत? तोच होता का?”

आवाज नीट येत नाही, असे सांगून मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तो नव्हता असे म्हणालो, तर आपले काही हुकले नाही असे समजून ते निर्धास्त होतील. तोच होता असे म्हणालो, तर काय हुकले आणि कोणामुळे, हे दोन्ही त्यांना कळेल. पुढच्या फोनवर ते पुन्हा विचारणार, यात मला शंका नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना काय सांगितले असते?