प्रफुल मापाऱ्याचं वजन

पुलगावच्या बाजार समितीच्या यार्डात प्रफुल बावीस वर्षांपासून मापारी आहे. शेतकऱ्याचा कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, काट्यावर चढला की वजनाचा आकडा खड्या आवाजात पुकारायचा, हे त्याचं काम. त्याने पुकारलेल्या आकड्यावर ना व्यापारी हुज्जत घालतो, ना शेतकरी. असा हा दुसऱ्यांचं वजन छातीठोकपणे सांगणारा माणूस स्वतःच्या वजनापुढे मात्र हात टेकून बसला होता.

पाच वर्षांपूर्वी तो एकशे बेचाळीस किलोचा होता. नागपुरात ऑपरेशन करून जठर लहान करून घेतलं आणि आठ महिन्यांत चाळीस किलो उतरले. त्या आनंदात त्याने यार्डात पेढे वाटले, आणि खरं सांगायचं तर त्यातले चार स्वतःच खाल्ले. मग चहासोबत आलुबोंडा, सकाळी तर्री-पोहे, असं करत करत वजन एकशे एकतीसवर जाऊन बसलं. शुगर परतली, झोपेत श्वास अडकू लागला. म्हणून या फेब्रुवारीत दुसरं ऑपरेशन झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की दुसऱ्या खेपेला वजन हळू उतरतं, पहिल्याशी तुलना करू नका. पण तुलना करणं हाच ज्याचा धंदा, त्याला हे सांगून काय उपयोग? ऑक्टोबर उजाडला तरी उतरले होते जेमतेम अकरा-बारा किलो. प्रफुल यार्डात आल्या आल्या काट्यावर चढायचा, जेवणाआधी चढायचा, जेवणानंतर चढायचा, घरी निघताना पुन्हा चढायचा. तीन आठवडे आकडा एकशे वीसच्या आसपास ठाण मांडून होता.

"दोनदा शिवलं भाऊ, पन कट्टा काई खाली होऊन नाई राह्यला," लहानू हमाल म्हणायचा. लहानू त्याच्याच वयाचा, त्याच्याच काट्यावर पंधरा वर्षं कट्टे चढवणारा. सगळे हसायचे. प्रफुलही हसायचा, आणि सगळे पांगले की पुन्हा काट्यावर चढायचा. त्याचे वडील, बापूजी, असेच जाडजूड होते. एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. प्रफुल सत्तेचाळीसचा. हे ऑपरेशनही फसलं तर आपलीही चारच वर्षं उरली, असा हिशेब त्याने मनाशी पक्का करून टाकला होता. कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. बायकोला, सपनालाही नाही.

गुरुवारी नागपूरला तपासणी होती. त्याच्या आदल्या सोमवारी रूपराव नावाचा शेतकरी वाळवलेलं सोयाबीन घेऊन आला. दोन दिवसांपूर्वी त्याचा माल ओला म्हणून व्यापाऱ्याने परत पाठवला होता. तेच चार कट्टे त्याने उन्हात पसरून पुन्हा आणले, तर सहा किलो कमी भरले. रूपराव हळहळला. प्रफुलच्या डोक्यात मात्र दिवा पेटला. माल तोच, नुसतं पाणी गेलं की वजन उतरतं!

सपना रोज दोन लिटरची बाटली भरून द्यायची. एका दमात पाणी पोटात मावत नसे, म्हणून दिवसभर घोट घोट प्यायचं, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. मंगळवारी प्रफुलने ती बाटली यार्डातल्या कडुनिंबाला ओतली. बुधवारीही ओतली. दोन कोरड्या दिवसांत काटा एकशे अठरा किलो दोनशे ग्रॅम दाखवायला लागला. ओठांना भेगा पडल्या होत्या, लघवी हळदीसारखी झाली होती, पण गडी खुशीत होता.

बुधवारी दुपारी ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि साठेक कट्टे मोजायचे राहिले होते. "बावन्न तीनशे," प्रफुलने पुकारलं. पुढचा कट्टा चढला. "पंचवीस दोनशे."

बावीस वर्षांत प्रफुलने पुकारलेला तो पहिला चुकीचा आकडा होता.

"भाऊ, बावन्न हाय ना," लहानू हळूच म्हणाला. प्रफुलने डोळे चोळून आकड्याकडे पाहिलं आणि तसाच सोयाबीनच्या ढिगावर कोसळला.

गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून त्याला गाडीने नागपूरला नेलं, सपनाही सोबत होती. "किडनीवर ताण आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी दोन दिवस पाण्याविना काढले असते, तर काही खरं नव्हतं."

"काऊन नाई पेले जी पानी?" सपनाने विचारलं. प्रफुलने खाली मान घालून सोयाबीनची गोष्ट सांगितली, आणि मग चार वर्षांचा हिशेबही सांगितला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सपना हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"बापूजी झोपीत गेले," ती म्हणाली, "तुमी तं जागेपनी जाऊन राह्यले."

सलाईननंतरचं वजन भरलं एकशे वीस. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून शुगरची एक गोळी बंद केली, झोपेतला श्वासही सुधारलाय म्हणाल्या. वजन असंच रेंगाळत उतरेल, पण ऑपरेशन फसलेलं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. प्रफुलला ऐकू आलं ते एवढंच, एकशे वीस.

घरी आल्यावर सपनाने फर्मान काढलं. काट्यावर आठवड्यातून एकदाच चढायचं, रविवारी, यार्ड बंद असताना, आकड्याकडे पाठ करून. बाकीचे सहा दिवस लहानूने पहारा ठेवायचा.

पहिल्या रविवारी दोघं रिकाम्या यार्डात गेले. प्रफुल पाठमोरा काट्यावर चढला. मागे आकडा उजळला असणार, आणि आपल्याला दिसत नाही, या विचारानेच त्याला घाम फुटला.

"किती हाय वं?"

सपनाने आकडा पाहिला. मग त्याची पाण्याची बाटली पाहिली, ती अर्धी भरलेली होती. "उतरा. पह्यले हे पानी प्या."

तो काट्याच्या कडेला बसून घोट घोट पीत राहिला. अर्धा तास गेला. आकडा तिला ठाऊक होता आणि त्याला नव्हता. इतका लांब अर्धा तास त्याने ऑपरेशनची वाट बघतानाही काढला नव्हता. बाटली संपली तेव्हा ती म्हणाली, "आता चढा."

"आता? पानी पेऊन तं वाढनच ना!"

"वाढू द्या. मले ओलाच माल मोजाचा हाय."

प्रफुल घाबरत घाबरत चढला, पाठ करून उभा राहिला. आणि सपनाने पदर खोचून, त्याच्यासारखाच खडा आवाज काढून, बावीस वर्षांत दुसऱ्या कोणी न पुकारलेला त्याच्या काट्यावरचा आकडा पुकारला, "एकशे वीस चारशे!"

तो दचकला. पण पुकारलेल्या आकड्यावर त्याने हुज्जत घातली नाही, खालीही उतरला नाही.