बॅटरीवरची वरात

शहराच्या जुन्या महाल भागातल्या गल्ल्यांमध्ये जनरेटरची गाडी शिरत नाही. शिरली तर वळत नाही, आणि वळलीच तर तिच्या घरघरीत की-बोर्डचा बारीक सूर कुणाला ऐकू जात नाही. म्हणून आमची धुमाल पार्टी, म्हणजे वरातीत वाजवणारं पथक, हातगाडीवर आली, आणि त्या हातगाडीसाठी बॅटरीचे पॅक मी बांधले. दिवसा मी इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो आणि लग्नसराईत संध्याकाळी काठ्यांनी ठेका धरायचं इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवायचो. की-बोर्डवर माझा मित्र असायचा. पार्टी त्याची होती. बुकिंग, वाजवणाऱ्यांची जमवाजमव, लग्नघरच्यांशी बोलणं, सगळं तोच बघायचा. वीज आणि ठेका माझ्याकडे.

आमची शाळेपासूनची दोस्ती. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं आणि माझ्या वडिलांना खांदा द्यायला पहिला तो आला होता.

पहिला पॅक बांधला तेव्हा की-बोर्ड आणि पॅड त्या एकाच पॅकवर जोडले, तर स्पीकरमधून सारखी गुणगुण येऊ लागली. माशी अडकल्यासारखी. ती घालवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. कधी वायर बदल, कधी सेल. अखेर दोन्ही वाद्यांची वीज पुरती वेगळी केली तेव्हा ती थांबली. त्या दिवशी मित्राने त्याच्या अंगणात एक सूर कितीतरी वेळ दाबून धरला, मग बोट उचललं. मागे काही उरलं नाही, फक्त शेजारच्या नळाचं पाणी वाजत होतं. तो म्हणाला, "आता कुठं वाटते का मी वाजवून राहिलो." माझ्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद होती.

गेल्या दिवाळीच्या आगेमागे त्याने एक छोटं मशीन आणलं. त्यात वाजवलेला ठेका साठवता यायचा आणि हवा तेव्हा पुन्हा लावता यायचा. त्याआधीच्या हंगामात मला डेंग्यू झाला होता आणि पार्टीची दोन लग्नं हातची गेली होती. मित्र म्हणाला, तू पुन्हा आजारी पडला तर अडायला नको, तुझे सगळे ठेके यात भरून ठेवू. मला ते पटलं. दुकानाच्या सुटीच्या दिवशी मी त्याच्या बैठकीत बसायचो आणि एकेक ठेका वाजवायचो. तो कानाला हेडफोन लावून ऐकायचा आणि जरा कुठे चुकलं की पुन्हा वाजवायला लावायचा. त्याची बायको, माझी वहिनी, पोहे आणून द्यायची. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटत होता. माझा हात कुणीतरी जपून ठेवतंय असं वाटायचं.

मग लग्नसराई सुरू झाली. सदर भागातल्या एका लग्नाच्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. मुलीकडे मयत झाली, लग्न पुढे गेलं, आज येऊ नको. मी दोन शब्द हळहळीचे बोललो आणि फोन ठेवला. पॅक नेहमी त्याच्याकडेच चार्जिंगला असायचे, त्यामुळे तिकडे जायचंही कारण नव्हतं. संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून मी बायकोचा चष्मा आणायला तिच्यासोबत सदरला गेलो.

दुकानात ती नवा चष्मा लावून आरशात बघत होती. तेवढ्यात रस्त्यावरून वरात आली. ती म्हणाली, तुमचीच पार्टी दिसते. मी म्हटलं, आमचं लग्न पुढे गेलं आहे. पण म्हणता म्हणता मला ऐकू आलं. ठेका पलटायच्या जरा आधी माझा डावा हात घाईने पडतो. ती खोडच आहे माझी, गेली नाही कधी. बाहेर तोच हात पडत होता.

मी फुटपाथवर आलो. आमचीच हातगाडी होती. पॅडमागे चकचकीत जॅकेट घातलेला एक तरणा गडी उभा होता. तो काठ्या उंच फिरवत होता, पण त्या पॅडला जेमतेम लागत होत्या. खाली ते मशीन चालू होतं. आमच्या ढोलवाल्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी तिथेच उभा राहिलो. नाचणारे लोक माझ्या अंगावरून पुढे जात होते. काही वेळाने स्पीकरच्या पॅकचा इशारा वाजू लागला. चार्ज संपत आला की वाजावा म्हणून तो मीच बसवला होता. मित्राने सवयीने मान वळवली, पॅडच्या दिशेने, मग रस्त्याच्या कडेला. आमची नजरानजर झाली. तेवढ्यात सगळा आवाज बंद पडला. एकटा ढोल राहिला. नवरदेवाकडचे लोक ओरडू लागले.

मित्र गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"पहिले कोणतं बंद करू गा?" त्याने विचारलं.

"पहिले स्पीकर बंद कर," मी म्हणालो. "मंग पॅक बदलव."

तो परत गेला. वरात पुन्हा सुरू झाली. बायकोने माझा दंड धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा मागवला आणि समजावू लागला. लग्नघरच्यांनी कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता, त्यांना एकसारखे कपडे घातलेले जवान वाजवणारे हवे होते, माझ्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

"मंग मयत काहून सांगितली?"

"सुचलं ते बोललो."

"अन् माझा ठेका?"

"तो तं तूच देला होता ना मले."

मी त्याला एवढंच विचारलं, की दिवाळीत ते मशीन आणलं तेव्हाच हे तुझ्या मनात होतं का. तो उठला आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेला. दूध वहिनी बघत होती.

पॅक मी माझ्या स्कूटरवर चढवले. दोरी बांधायला तो बाहेर आला, गाठ त्यानेच आवळली. ठेके पुसून टाकतो, म्हणाला. मी हो म्हटलं. पुसताना बघायला थांबलो नाही.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून एक वरात गेली. पार्टी तीच, गाडी नवी, पॅक विकतचे, ठेका माझा. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "आज तुम्ही नाही गेले?"

"आज सुट्टी आहे, काकू," मी म्हणालो, आणि वरात चौकाकडे वळेपर्यंत त्यांच्याजवळ उभा राहिलो.